शाल पांघरा, शोध गाडा!

या महाराष्ट्रात अल्कोहोल पिण्यासाठी मिळते. गावाच्या वेशीवर मिळते, महामार्गाच्या कडेला मिळते, यात्रेच्या दिवशी दुप्पट मिळते. मोटारीच्या टाकीत ओतण्यासाठीही मिळते. त्यासाठी तर दिल्लीपासून सहकारी कारखान्याच्या फाटकापर्यंत पायघड्या अंथरल्या आहेत. मिळत नाही ते एकाच जागी. कृष्णाकाठच्या उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत, धुराने लाल झालेले डोळे पदराने पुसत भाकरी थापणाऱ्या बाईच्या चुलीखाली ते मिळत नाही. तिच्या हातात उसाची मोळी द्यायला सरकारची हरकत नाही. त्याच उसाच्या मळीतून निघालेले इंधन तिच्या हातात द्यायचे म्हटले, की कायदा दचकून उठतो, खाते डोळे वटारते आणि फाइल आडवी पडते ती कायमची. हा शुद्ध निगरगट्टपणा आहे. नजरचुकीचा बुरखा त्याला आम्ही घालू देणार नाही.

आम्ही हवेत गोळीबार करत नाही. नाव घेऊन, गाव सांगून बोलतो. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी एक कृषी संशोधन संस्था उभी केली. निंबकर ॲग्रिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूट हे तिचे नाव. जाणकार तिला 'नारी' म्हणून ओळखतात. या संस्थेत १९८१ साली डॉ. अनिल राजवंशी नावाचा एक अभियंता येऊन राहिला. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला, अमेरिकेच्या फ्लोरिडा विद्यापीठातून १९७९ साली डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. त्याच्या वयाची, त्याच्या शिक्षणाची मुले विमानाने पश्चिमेला जात होती, तेव्हा हा उलट दिशेने आला आणि एका तालुक्याच्या गावी मुक्काम ठोकला. बनबिहारी आणि लेखिका जाई निंबकर यांच्या कन्या, इरावती कर्वे यांची नात डॉ. नंदिनी निंबकर या त्याच्या पत्नी. पिकांचे संशोधन त्यांनी केले, ऊर्जेचे याने. चाळीस वर्षांहून अधिक काळ याने एकच प्रश्न लावून धरला: खेड्यातल्या झोपडीत उजेड कसा पडेल, चूल कशी पेटेल आणि त्या दोन्ही पायी कुणाचा जीव कसा जाणार नाही?

प्रश्न साधा वाटतो ना? मग हे आकडे वाचा. २००१ या एका वर्षात भारतात भाजून मेलेल्यांची संख्या सुमारे १ लाख ६३ हजार असावी, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रिया होत्या सुमारे १ लाख ६ हजार, आणि त्यातल्या बहुतेक १५ ते ३४ या वयाच्या. म्हणजे घरातली सून, घरातली लेक. आपल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर यांच्यासाठी एक ओळ कायमची जुळवून ठेवलेली असे: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. त्या भडक्याआड किती हुंडाबळी लपले आणि किती आत्महत्या दडपल्या गेल्या, हे पोलिसांना ठाऊक, सासरच्यांना ठाऊक आणि जळालेल्या बाईला ठाऊक. पण खुन्याला ही सबब इतक्या सहज मिळाली, कारण स्टोव्ह खरोखरच भडकत होते. हवा भरायची, पिन मारायची, रॉकेल सांडायचे, नायलॉनचे पातळ पेट घ्यायचे. आणि ते रॉकेल पुरवत कोण होते? रेशनच्या दुकानातून, अनुदान देऊन, मायबाप सरकारच पुरवत होते! जाळणारे इंधन सवलतीत वाटायचे आणि कमी जाळणारे इंधन कुलपात ठेवायचे, हे या राज्याचे धोरण दशकानुदशके चालले.

फलटणच्या प्रयोगशाळेत याच स्वयंपाकघरातून विचार सुरू झाला. आधी गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल काढण्याचे आणि सौरऊर्जेच्या मदतीने त्याचे ऊर्ध्वपातन करण्याचे प्रयोग झाले. मग 'नूरी' कंदील आला. रॉकेल, डिझेल, अल्कोहोल यांपैकी कशावरही जळणारा आणि १०० वॅटच्या बल्बाएवढा उजेड देणारा. पुढे एकाच ज्योतीवर उजेडही पडेल आणि अन्नही शिजेल असा कंदील-स्टोव्ह आला. आणि २००७ साली राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निम्मे अल्कोहोल व निम्मे पाणी अशा मिश्रणावर चालणाऱ्या स्टोव्हचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आमच्या मते त्यांच्या कामाचा कळस तोच आहे.

या निम्म्या पाण्यातले शहाणपण पाहा. शुद्ध अल्कोहोल झटकन पेटते, तेही धोक्याचेच. राजवंशींनी त्यात पाणी घातले आणि एवढ्या पातळ इंधनावरही नीट जळेल असा स्टोव्ह बनवला. हे इंधन सांडले तर शुद्ध अल्कोहोलसारखे भपकन पसरत नाही. आग लागलीच तर घागरभर पाण्याने विझते, कारण अल्कोहोल पाण्यात मिसळून आणखी पातळ होते. रॉकेलवर पाणी ओता, ते पाण्यावर तरंगत जळत पुढे सरकते. कित्येक घरांत पाणी ओतणाऱ्या हातांनीच आग पसरवली ती यामुळे. शिवाय निम्म्या ताकदीचे अल्कोहोल काढायला शुद्ध अल्कोहोलइतकी ऊर्जा आणि तेवढी अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही. तालुक्याच्या पातळीवर, लहान भट्टीतही ते निघू शकते. काजळी नाही, रॉकेलचा वास नाही, डोळ्यांत धूर नाही. सुरक्षिततेचे साधन म्हणतात ते हेच. वर अडकवलेली टोपी नव्हे किंवा भिंतीवर चिकटवलेली सूचना नव्हे. इंधनाच्या पोटातच शिरून धोका मोडून काढणारे साधन.

मग ते घरोघरी का गेले नाही? कारण आडवा आला मुंबई दारूबंदी कायदा, सन १९४९. अल्कोहोल बाळगणे, वाहून नेणे, विकणे, वापरणे, या प्रत्येक पायरीवर परवाना, शुल्क आणि निरीक्षक. कायदा दारूसाठी केला आणि त्याच्या जाळ्यात स्वयंपाक अडकला. स्वतः राजवंशी आपल्या लेखांतून वर्षानुवर्षे हेच सांगत आले, की तंत्र तयार आहे, अडचण अबकारी नियमांची आहे. ऐकतो कोण? ज्या खात्याला दारूच्या प्रत्येक बाटलीमागे तिजोरीत खणखणाट ऐकू येतो, त्याला चुलीखालच्या बाटलीत काय रस? दारूबंदी हे ज्या कायद्याचे नाव, तो दारूविक्रीला कधी आडवा आला नाही. आडवा आला तो फक्त भाकरीला!

इथे खात्याचे वकील घसा साफ करतील. "साहेब, पन्नास टक्के अल्कोहोल म्हणजे देशी दारूपेक्षा कडक. लोक चूल बाजूला ठेवून इंधनच पितील." आक्षेप खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. पिणारा पिऊ पाहील, हे खरे. पण त्यावरचा उपाय जगाला फार पूर्वीच सापडला आहे. डिनॅटोनियम हा पदार्थ चिमूटभर घातला तरी द्रव इतका कडू होतो, की जिभेला लागताच थुंकावा लागतो. त्यात एक ठळक रंग घाला, बाटलीला वेगळे तोंड द्या, विक्रीची नोंद ठेवा. एवढे ज्यांना सुचत नाही किंवा सुचून करवत नाही, त्यांनी लोकांच्या व्यसनाची काळजी आम्हाला शिकवू नये. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मारली, तेव्हा हा कायदा कुठे होता? तो होता, जागच्या जागी होता, कलमांसकट होता. गोदामातले मिथेनॉल गुत्त्यापर्यंत पोचले आणि त्याला ते दिसले नाही. विष अडवता येत नाही आणि इंधन सोडवत नाही, अशा कायद्याच्या रखवालदारांनी नाक वर करून बोलावे, याहून निलाजरे काय असेल?

जग मात्र थांबलेले नाही. इथिओपियासारख्या देशात, सोमाली निर्वासितांच्या केब्रिबेया छावणीत इथेनॉलच्या, म्हणजे याच अल्कोहोलच्या, चुली पेटल्या. सरपणासाठी रानात जाताना बायकांवर हल्ले होत होते. चूल आली आणि त्यांची ती वणवण कमी झाली. इंधन कुठून आले? त्याच देशातल्या फिंचा साखर कारखान्याच्या मळीतून! निर्वासितांच्या छावणीत जे जमले, ते सहकाराचे माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या सातारा-सांगलीत जमू नये? आणखी ऐका. २०१८ च्या ऑक्टोबरात आपल्याच देशात, आसाममधील नामरूपला, पाचशे घरांना मिथेनॉलच्या चुली वाटण्याचा सोहळा झाला. मिथेनॉल म्हणजे मालवणीत माणसे मारणारे तेच विष. ते डब्यात पक्के बंद केलेले होते, सांडणार नाही अशी व्यवस्था होती, हे आम्ही मान्य करतो. पण तंत्र स्वीडनचे! परदेशी चुलीत विष चालते आणि फलटणच्या चुलीत इथेनॉल चालत नाही. ही कसली बुद्धी म्हणायची? गावचा देव मागच्या दाराला आणि पाहुणा देव्हाऱ्यात!

आता दुसरा वकील उभा राहील आणि म्हणेल, की २०१६ पासून उज्ज्वला आली, घरोघर गॅस पोचला, रॉकेल गेले. हा रडगाण्याचा विषय आता शिळा झाला. शिळा? या वकिलाने कराड, वाळवा, पलूस, फलटण यांपैकी कुठल्याही तालुक्यात हंगामात एक चक्कर मारावी. बीड-अहिल्यानगरकडून, आणि आमच्याच माण, खटाव, जत, आटपाडीच्या माळावरून मुकादमाची उचल घेऊन आलेल्या टोळ्या फडाच्या कडेला उतरलेल्या दिसतील. पाचटाची कोपी, तिच्यात तीन दगडांची चूल, भोवती वाळलेले वाढे आणि शेजारी झोळीत पोर. गॅसचे पुस्तक असलेच तर ते गावाकडच्या कुलूपबंद घरात. टाकी भरायला लागणारे पैसे उचलीत आधीच वळते झालेले. पाचटाच्या भिंतीत उघडी चूल पेटवणे म्हणजे रोज रात्री मरणाशी सोंगट्या खेळणे आहे. त्या खेळाचा पट मांडून देणारे आम्ही सगळे, साखर खाणारे, आणि वर विचारतो, की प्रश्न शिल्लक कुठे आहे?

साखरसम्राटांनो, तुमच्याकडे वळल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. गाळप हंगामाच्या तोंडावर तुमच्याकडे बॉयलर अग्निप्रदीपन होते. मांडव पडतो, मंत्री येतात, मोळीपूजन होते, डिस्टिलरीच्या विस्ताराचा नारळ फुटतो, इथेनॉलच्या दराचे भाषण होते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने ठरवले आणि २०२५ मध्ये गाठले. २००३ साली पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली होती. म्हणजे सरकारने मनात आणले, की नियम वाकतात, दर ठरतात, टँकर धावतात, बँका कर्ज देतात. हे सारे झाले मोटारीसाठी. त्या मोटारीतून जाणाऱ्याच्या पोटात जी भाकरी असते, ती थापणारीसाठी तुमच्यापैकी किती जणांनी मुंबईला एक पत्र लिहिले? ऊस तोडणारी बाई तुमच्या ताळेबंदात तोडणी-वाहतूक खर्च म्हणून दिसते. तिची चूल कुठल्याच रकान्यात नाही. शेजारी फलटण तालुक्यात साखरवाडी आहे आणि तालुक्याच्या गावीच हा संशोधक बसलेला आहे. साखर आणि शोध यांच्यात काही मैलांचे अंतर. ते मैल चाळीस वर्षांत तुम्हाला ओलांडता आले नाहीत!

सत्कार मात्र झाले. २००१ साली राजवंशींना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, २०२२ साली पद्मश्री मिळाली. आम्हाला आनंदच आहे. पण आमचा प्रश्न देणाऱ्यांना आहे. ज्याच्या छातीवर पदक लावता, त्याच्या चुलीला परवाना का देत नाही? सत्कार हा या राज्यात शोध गाडण्याचा सर्वांत सभ्य मार्ग झाला आहे. माणसाला शाल घातली, श्रीफळ दिले, छायाचित्र छापले, की त्याने मागितलेले देण्याची जबाबदारी संपली. संशोधकाने कधी शाल मागितली होती? त्याने मागितला होता एक शासननिर्णय, एक पानाचा. तो देण्याची धमक नाही, म्हणून शाली वाटण्याचा उद्योग चालतो.

याच मातीत एकेकाळी वेगळे राज्यकर्ते होऊन गेले. बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांवर जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोडजवळच्या माळावर जागा दिली, पैशाची मदत केली, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कराडजवळ ओगलेवाडीत ओगले बंधूंनी काच आणि कंदील बनवले. उघड्या चिमणीची ज्योत काचेआड नेऊन बसवणारा 'प्रभाकर' कंदील मराठी घराघरांत टांगला गेला. संस्थान एवढेसे, पण राजाची नजर मोठी. कारागीर दारात आला तर त्याला जागा किती हवी, हे तो विचारी. आजचे राज्य औंधच्या कितीतरी पट मोठे आहे, आणि कारागीर दारात आला तर कोणत्या कलमाखाली आलास, हे विचारते.

आणि हा एकाच चुलीचा अपघात आहे, असेही कुणी समजू नये. त्याच कडबाकुट्टीची गोष्ट घ्या. हाताने फिरवायचे यंत्र विजेच्या मोटारीवर आले आणि त्याबरोबर बोटे, पंजे, मनगटे जाऊ लागली. वैरण पुढे ढकलताना हात रुळात सापडतो. लहान मूल फिरत्या चाकाशी खेळते आणि पाते चालते. दिल्ली आयआयटीचे प्रा. दिनेश मोहन यांनी या यंत्राचा पिच्छा पुरवला. त्यांचे उपाय पाहून हसू येईल इतके साधे आहेत: हात धोक्याच्या जागी पोचण्याआधी बोटांना जाणीव देणारा एक जादा रूळ, पात्यांवर झाकण, आणि काम नसेल तेव्हा चाक अडकवून ठेवायला एक खीळ. थोडेसे लोखंड, थोडेसे वेल्डिंग, कुठल्याही गावच्या लोहाराला जमेल असे. प्रा. मोहन २०२१ साली गेले. किर्लोस्करवाडीच्या पंचक्रोशीतला वाचक हे वाचत असेल, तर त्याने आपल्याच गोठ्यात जाऊन पाहावे: कुट्टीला झाकण आहे का? खीळ आहे का?

बरे, कायदा नाही म्हणावे तर तोही आहे. संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. मळणीयंत्रात हात गेलेल्यांचा आक्रोश तेव्हा कुठे दिल्लीत ऐकू गेला होता. यंत्र बनवणाऱ्याला परवाना, राज्याने नेमायचा नियंत्रक, त्याच्या हाताखाली निरीक्षक, जखमीला भरपाई, आणि सरकारला वाटेल ते शेतीयंत्र या यादीत घालण्याची मुभा, असे सगळे त्यात आहे. वाचकहो, तुमच्या गावात असा निरीक्षक कधी आलेला तुम्ही पाहिलात? दारूच्या नावाखाली चुलीवर धाड घालायला ज्या राज्याकडे निरीक्षक आहेत, त्याला मळणीयंत्राजवळ उभा करायला एक माणूस सापडत नाही! सापडते ते दुसरेच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे: शेतकरी मेला तर दोन लाख रुपये, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. दुःखात मदत मिळावी, याला आमचा विरोध कसा असेल? पण तुटलेल्या हाताला एक लाख मोजणारे सरकार, तोच हात वाचवणाऱ्या लोखंडाच्या पत्र्यावर खर्च करत नाही, आणि वर कडबाकुट्टीला अनुदानही देते. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात, ते आम्हाला सांगावे.

आणि किर्लोस्करवाडी ज्या पलूस तालुक्यात, त्याच तालुक्यातले ब्रह्मनाळ विसरलात? ८ ऑगस्ट २०१९. कृष्णेला महापूर, गाव पाण्यात, आणि जीव वाचवायला निघालेली नावच उलटली. सतरा जण बुडाले. त्यांत बाया होत्या, लेकरे होती. नाव क्षमतेपेक्षा जास्त भरलेली आणि अंगावर धड जीवरक्षक जॅकेटे नाहीत. जॅकेटाचा शोध काय त्या वर्षी लागायचा होता? २००५ सालच्या महापुराने याच काठाला धडा घालून दिला होता. मध्ये चौदा वर्षे गेली. चौदा वर्षांत निवडणुका झाल्या, पुतळे झाले, घाट सुशोभित झाले. नदीकाठच्या प्रत्येक नावेला पुरेशी जॅकेटे घ्यायला मात्र कुणाचे अंदाजपत्रक पुरले नाही. चूल, कुट्टी, नाव: तिन्ही ठिकाणी जीव वाचवणारी वस्तू माणसाने केव्हाच शोधून ठेवली होती. मधल्या टेबलावरच्या सहीअभावी माणसे मेली.

कुणी म्हणेल, शोध चांगला असेल तर तो आपोआप बाजारात चालेल. हे भाबडेपण सोडा. अमेरिकेत वेस्टिंगहाऊसने १८६९ साली आगगाडीसाठी हवेचा ब्रेक काढला, जॅनीने १८७३ मध्ये डबे आपोआप जोडणारा सांधा काढला. रेल्वे कंपन्यांनी तोंड फिरवले. मजुराचा हात त्यांना सांध्यापेक्षा स्वस्त पडत होता. लॉरेन्झो कॉफिन नावाच्या आयोवातील एका शेतकऱ्याने डबे जोडताना एका मजुराची बोटे डोळ्यांदेखत गेलेली पाहिली आणि त्याने जन्म त्या सांध्याला वाहिला. सभा घेतल्या, पत्रे लिहिली, आमदारांच्या दारात ठाण मांडले. १८९३ साली कायदा झाला, तेव्हा कुठे तो सांधा सक्तीचा झाला. शोधापासून सक्तीपर्यंत वीस वर्षे गेली, आणि त्या वीस वर्षांतले प्रत्येक तुटलेले बोट कंपन्यांच्या हिशेबावर आणि सरकारच्या आळसावर लिहिले गेले. फलटणच्या स्टोव्हचा शोधनिबंध प्रसिद्ध होऊन तेवढाच काळ होत आला आहे. आमचा कॉफिन विधानसभेत बसतो का? बसत असेल तर त्याने उभे राहावे.

उभा राहणार नसेल, तर आमच्या मागण्या आम्हीच मांडतो. पहिली: राज्य उत्पादन शुल्क खात्याने कडू केलेल्या, रंगवलेल्या, कमी तीव्रतेच्या स्वयंपाकाच्या इथेनॉलचा वेगळा वर्ग करावा, घरापुरते बाळगायला परवाना नको, शुल्क नको, निरीक्षक नको. दुसरी: साखर आयुक्तांनी गाळप परवान्यातच अट घालावी, की टोळीच्या प्रत्येक कोपीत सुरक्षित चूल आणि हंगामभराचे इंधन कारखान्याने द्यायचे, आधी एक हंगाम सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, मग राज्यभर. चूल फलटणचीच हवी असा हट्ट नाही. कसोटी लावा, दुसरी सरस ठरली तर ती घ्या. तिसरी: झाकण, जादा रूळ आणि खीळ नसलेल्या कडबाकुट्टीला एक पैसा अनुदान देऊ नये, आणि १९८३ च्या कायद्याखाली नेमलेल्या नियंत्रकाचे नाव प्रत्येक पंचायत समितीच्या फळ्यावर लिहावे, नेमलेला नसेल तर तसे लिहावे. चौथी: पावसाळ्याआधी नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने नावेची क्षमता आणि जॅकेटांची संख्या चावडीवर लावावी.

यातल्या एकाही मागणीला नवा शोध लागत नाही, परदेशी कर्ज लागत नाही, अभ्यासगट तर मुळीच लागत नाही. लागते ती इच्छा आणि शाई. १९४२ नंतर ज्या सातारा-सांगलीने इंग्रजाला न विचारता आपले पत्री सरकार चालवले, त्या मुलुखाला आपल्याच सरकारकडून एका पानाचा आदेश काढून घेणे जड जाऊ नये. येत्या हंगामात अग्निप्रदीपनाला जो मंत्री या दोन जिल्ह्यांत येईल, त्याच्या हातात शेतकऱ्यांनी, तोडणी मजुरांनी आणि सभासदांनी नारळाच्या आधी हे चार कलमांचे निवेदन ठेवावे. सही करणार असेल तर त्याने खुशाल बॉयलर पेटवावा. नसेल करणार, तर त्याला मांडवातून परत पाठवावे. बॉयलर पेटवायला कारखान्यात फायरमन आहे.